चारला सरळ

सुलक्षणा भिलारेचं अक्षर फार सुरेख होतं, आणि पुढे जे झालं त्यातला अर्धा दोष त्या अक्षराचा. उरलेला अर्धा कुणाचा, ते वाचणाऱ्यानं ठरवावं. तिनं स्वतः तर केव्हाच ठरवून टाकलंय.

घाट उतरला की महामार्गाला लागूनच अपघात रुग्णालय आहे. घाटात ट्रक कलंडला, बस कठड्याला घासली, दुचाकीवाला डंपरखाली गेला, की माणसं आधी इथे येतात. तिथल्या अतिदक्षता विभागात सुलक्षणा एकवीस वर्षं होती, त्यातली बरीचशी मुख्य परिचारिका म्हणून. सगळे तिला भिलारे सिस्टर म्हणत. डॉक्टरांचं अक्षर कसं असतं हे जगजाहीर आहे, आणि बारा तास उभ्या असलेल्या नर्सचं त्याहून बरं नसतं. भिलारे सिस्टरचा तक्ता मात्र छापल्यागत. तास, मिनिटं, रक्तदाब, लघवी, ऑक्सिजन, आणि डावीकडच्या रकान्यात लाल शाईनं रोगी कसा निजलाय ते: उताणा की पालथा. खाडाखोड नाही, एकही चौकट रिकामी नाही.

दोन हजार अडतीस साली राज्यातल्या मोठ्या रुग्णालयांचे जुने कागद यंत्राकडून वाचून घेतले गेले. एका नव्या पलंगाला शहाणं करायचं होतं. बाकीच्या ठिकाणचे निम्मे कागद यंत्राला वाचताच आले नाहीत. कुठे चहाचा डाग, कुठे तीन दिवसांच्या नोंदी एकाच पेनानं एकाच दमात मारलेल्या. या रुग्णालयाचा एकही कागद परत आला नाही. सुलक्षणाला शाल-श्रीफळ मिळालं, आणि तिचा फोटो लिफ्टसमोर लागला. मिरवायचा स्वभाव नव्हता तिचा, तरी लिफ्टची वाट बघताना एक नजर तिकडे जायचीच.

त्या पलंगाला वॉर्डात 'कूस' म्हणत. त्याचं काम समजायला फुप्फुसाबद्दल थोडं समजून घ्यावं लागेल.

माणूस पाठीवर निजला की हृदयाचं आणि पोटाचं ओझं फुप्फुसाच्या मागच्या भागावर पडतं. धडधाकट माणसाला त्याचं काही वाटत नाही. पण छातीला जबर मुका मार बसला, अंगातलं रक्त गेलं, दुसऱ्याचं भरावं लागलं, की एक-दोन दिवसांत फुप्फुसं सुजतात, पाणी धरतात, आणि भिजलेल्या स्पंजासारखी जड होतात. पाणी खाली, पाठीकडे उतरतं, आणि तिथले हवेचे बारीक फुगे मिटून जातात. रक्त तर जास्त वाहतं ते पाठीकडेच. म्हणजे जिथे रक्त आहे तिथे हवा नाही, आणि जिथे हवा आहे तिथे रक्त बेताचं. मग व्हेंटिलेटरनं कितीही ऑक्सिजन कोंबा, तो रक्तात जात नाही. अशा माणसाला पालथं घातलं की मिटलेला भाग वर येतो, त्याच्यावरचं ओझं उतरतं आणि फुगे उघडतात. औषध नाही, सुई नाही, नुसतं पोटावर निजवायचं. मात्र निजवायचं ते निदान सोळा तास, आणि सलग. फुगे उघडायला तास लागतात, मिटायला मिनिटं पुरतात. आणि हे लवकर करावं लागतं. पहिले एक-दोन दिवस फुप्फुस मऊ असतं, नंतर ते ताठरत जातं.

सांगायला सोपं. बरगड्या मोडलेल्या, कमरेचं हाड चिरलेलं, तोंडात, छातीत, मानेत नळ्या, अशा बेशुद्ध माणसाला उलटायचं म्हणजे पाच माणसं लागतात. रोग्याच्या खाली एक चादर, वर एक चादर, आणि दोन्हींच्या कडा मुरडून घट्ट करायच्या. वॉर्डात त्याला करंजीच म्हणायचे. डोक्याशी उभं राहील त्याच्या हातात श्वासाची नळी, आणि हुकूमही त्याचाच. सुलक्षणा डोक्याशी, पोपटमामा कमरेशी, अशी त्यांची टोळी वर्षानुवर्षं होती. पोपटमामा म्हणजे पोपट खरात, वॉर्डातला सेवक. आपल्याकडे दवाखान्यातल्या अशा माणसांना मामाच म्हणतात.

कूस आली आणि टोळी मोडली. पट्टे आणि हवेच्या उशा यांच्यामध्ये रोग्याला धरून ती एकटी, धक्का न लावता, त्याला उलटायची. कुणाला उलटायचं आणि कुणाला नाही, हेही तीच सांगायची. रोग्याचे आकडे बघून शंभरातले गुण द्यायची. पन्नासच्या वर गेले की उलटायची, खाली असले की पाठीवर ठेवायची. न्यूमोनियाच्या रोग्यांना ती हमखास उलटायची, आणि ते बरे व्हायचे. अपघातात छाती चेपलेल्यांना मात्र तिनं तीन वर्षांत एकदाही उलटलं नव्हतं. डॉक्टरला तिचं मत डावलता यायचं, पण लेखी कारण द्यावं लागायचं. पोपटमामांना फाटकावर नेमलं. आता ते गाड्यांना जागा दाखवत.

जयदीपला आणलं तो रविवार होता, दुपारचे बारा वाजले होते.

जयदीप गोळे सुलक्षणाचा धाकटा भाऊ, आणि घाटातला क्रेनवाला. अपघात झाला की गाडी काढायला तोच. रुग्णालयातल्या निम्म्या रोग्यांची वाहनं त्याच्याच हुकाला लागून वर आलेली. त्या दिवशी कंटेनर ओढताना कंटेनर मागे सरकला, आणि जयदीप त्याच्या आणि क्रेनच्या मध्ये सापडला. डाव्या बाजूच्या सात बरगड्या, कमरेच्या हाडाला चीर, आणि प्लीहा फुटलेली. ती काढून टाकावी लागली.

शस्त्रक्रियेला नेताना तो शुद्धीवर होता.

"आक्के, हूक नीट लावला होता गं मी."

"बोलू नको."

"तुझा तो शहाणा पलंग बघायचा राहिलाच होता," तो कसाबसा हसला. "बघतो आता."

सोमवारी सकाळी त्याची फुप्फुसं पांढरी दिसायला लागली. नळी घातली, व्हेंटिलेटर लावला, ऑक्सिजन वाढवत नेला, तरी रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याऐंशीच्या वर जाईना. कूसनं त्याला अठ्ठावीस गुण दिले. पडद्यावर आलं: उताणा ठेवावा.

जयदीपची बायको रोहिणी बाहेर बाकावर होती.

"काय म्हणतात आक्का?"

"पाठीवरच ठेवायचं म्हणतोय पलंग."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"त्याला हजारो रोग्यांचं माहीत असतं," सुलक्षणा म्हणाली. "आपल्यापेक्षा त्याला जास्त कळतं." हे तिनं तीन वर्षांत कितीतरी नातेवाइकांना सांगितलं होतं. जीभ सरावली होती.

आत येऊन तिनं पडद्यावरचं 'आधार' हे बटण दाबलं. कूस कशावरून बोलते ते तिथे दिसायचं. आजवर ते दाबायची गरज तिला वाटली नव्हती. पडद्यावर लिहून आलं: अशाच प्रकारचे रोगी चारशे बारा, सगळे याच रुग्णालयातले, पालथे ठेवले रोज सलग सोळा तास, फायदा नगण्य, उलटताना रक्तदाब पडण्याचा धोका जास्त. खाली मूळ कागदांची चित्रं होती. तिनं पहिलंच उघडलं, आणि समोर तिचंच अक्षर आलं. लाल शाई, डावीकडचा रकाना. दुपारी बारा ते पहाटे चार, पालथा, सलग.

पण तो रोगी दुपारी बारापासून पहाटे चारपर्यंत सलग पालथा नव्हता. चारशे बारांतला जवळजवळ कुणीच नव्हता.

त्याची गोष्ट जुनी. सुलक्षणा नवी होती तेव्हा फलटणकडच्या एका मुळीकबाईंचा मुलगा वॉर्डात होता, पालथा घातलेला. भेटीची वेळ दुपारी चार ते पाच. बाई आल्या, आणि त्यांना दिसली मान, केस, आणि उशीत रुतलेला सुजका गाल.

"हा माझा कशावरून?" त्या म्हणाल्या. "तोंड दाखव की गं बाई."

"आता हलवता येत नाही, मावशी. उद्या सकाळी."

मुलगा त्याच संध्याकाळी गेला. सरळ केलेला तो बाईंना बघायला मिळाला तो नाकात कापूस घालूनच. त्यांनी आरडाओरडा केला नाही. नुसत्या म्हणाल्या, "जिता हुता तवर दाखवला न्हाईस."

त्यानंतर टोळीनं आपसात ठरवून टाकलं. कुणी कागद काढला नाही, कुणाची सही नाही. भेटीच्या आधी रोग्याला सरळ करायचं. पावणेचारला पोपटमामा हाक द्यायचे, "चला, चारला सरळ!" आणि पाचही जण यायचे. नातेवाईक येऊन तोंड बघायचे, कपाळावर हात ठेवायचे, अंगारा लावायचे. पाचला लगेच परत उलटावं, तर तेवढ्यात पाच माणसं मिळायची नाहीत. कुणी शस्त्रक्रियेला गेलेलं, कुणाची पाळी संपलेली. आठला नवी पाळी आली की मग करंजी. म्हणजे सोळाचे झाले बारा, तेही दोन तुकड्यांत, आणि उघडलेले फुगे रोज चारला मिटून जायचे. शिवाय रोज दोन जादा वेळा उलटापालट. त्यात रक्तदाब पडायचा तो पडायचाच.

आणि तक्त्यात? तपासणीला येणारे सोळा तास सलग आहेत का ते बघायचे. म्हणून सुलक्षणा तसं लिहायची. सुवाच्य, लाल शाईत. डॉक्टरांना ठाऊक होतं का? चार ते पाच त्यांचा वॉर्डात पाय नसायचा, एवढंच म्हणता येईल. यात कुणाचं काही बिघडतंय असं कुणाला वाटलंच नाही. उलट लोक जाताना हात जोडायचे. न्यूमोनियाच्या वॉर्डात संसर्गाच्या भीतीनं भेटच बंद, त्यामुळे तिथले सोळा खरोखरच सोळा होते.

कूस कधी खोटं बोलली नव्हती. तिला जे शिकवलं तेच ती बोलत होती.

आता सुलक्षणानं काय करायला हवं होतं हे शेंबड्या पोरालाही कळेल. उठून डॉक्टरांकडे जायचं. पण 'माझ्या नोंदी खोट्या' म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग या तीन वर्षांत पाठीवर ठेवून जे गेले ते? एकट्या या रुग्णालयात तिला बावीस तोंडं आठवली. राज्यात अशा किती कूस होत्या, ते तिनं मनात येऊ दिलं नाही. लिफ्टसमोरचा फोटो आठवला. पलंगाला मंजुरी द्यायला एवढी मोठी समिती बसली होती, त्यांनी सगळं पडताळूनच घेतलं असेल ना, असंही वाटून गेलं. दुपारी आकडा नव्वद झाला. बघ, सुधारतोय, तिनं स्वतःला सांगितलं, आणि ती मूग गिळून बसली.

सोमवार गेला. मंगळवारी आकडा शहाऐंशी. चार वाजता रोहिणी आत आली, नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "झोपल्यासारखंच वाटतंय नाही आक्का?" सुलक्षणानं मान हलवली. बुधवारी सकाळी त्र्याऐंशी, कूसचे गुण चोवीस. संध्याकाळी एकोणऐंशी.

तेव्हा कुठे ती डॉक्टर सोहोनींच्या खोलीत गेली. निनाद सोहोनी पस्तिशीचा, दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेला. अपघाताच्या एका रोग्याला उलटायचं म्हणून त्यानं एकदा कूसचं मत डावलायला बघितलं होतं, पण द्यायला कारण नव्हतं.

"सर, पलंग चुकतोय."

"कशावरून?"

"तो माझ्याकडून शिकलाय."

तिनं सगळं सांगितलं. शेवटी सोहोनीनं विचारलं, "सगळ्यांना चारला सरळ करत होतात?"

"ज्यांना भेटायला कुणी येत नव्हतं ते सोडून. बेवारस असायचे, परराज्यातले ड्रायव्हर असायचे. त्यांना कशाला हलवायचं? ते सोळा तास राहायचे."

"आणि त्यांचं काय व्हायचं?"

सुलक्षणानं पदराच्या टोकाशी चाळा केला. "वाचायचे, सर. पुष्कळ वाचायचे. पोपटमामा म्हणायचे, ज्याला कुणी नाही त्याला देव असतो."

सोहोनी उठून खिडकीशी गेला. "तीन वर्षांत कूसनं असा एकही रोगी उलटलेला नाही," तो म्हणाला. "उलटायचंच नाही, तर उलटल्यावर काय झालं असतं ते तिला कळणार कुठून? ही चूक आपोआप कधीच सुधारली नसती, सिस्टर." मग तो वळला. "तुम्हाला केव्हा कळलं हे?"

"सोमवारी."

"आज बुधवार आहे."

"हो."

त्यानं कागद ओढून लेखी कारण लिहिलं, खाली सही केली. "पाच माणसं जमवा. मत डावललं तरी पन्नासच्या खाली कूस स्वतः उलटत नाही, जुना पलंग लागेल."

माणसं आणि जुना पलंग जुळेपर्यंत रात्र गेली. गुरुवारी पहाटे साडेपाचला पोपटमामा फाटकावरून आत आले. बरोबर दोन मावश्या, दोघीही जुन्या टोळीतल्या. एकीला तर घरून बोलावलं होतं.

"जयदीप व्हय?" मामा म्हणाले. "माझा ट्रॅक्टर काढला हुता त्येनं दरीतनं. पैसं बी घेतलं न्हाईत. सांगा सिस्टर, कुठं धरू?"

"कमरेला. हाड चिरलंय, सांभाळून."

चादर खाली, चादर वर, कडा मुरडल्या. सोहोनी छातीच्या नळीशी. सुलक्षणा डोक्याशी उभी राहिली, भावाच्या गालाला तळहात लावून श्वासाची नळी धरली. हातांना काम आठवत होतं.

"एकवर कडेला, दोनवर कुशीवर, तीनवर पालथा. कुणी घाई करायची नाही. एक... दोन... तीन."

सहा वाजून शून्य मिनिटांनी जयदीप पालथा झाला. पहिला तासभर काहीच झालं नाही. आठला आकडा ब्याऐंशी, दहाला सत्त्याऐंशी, एकला एक्याण्णव. पोपटमामा फाटक सोडून तीनदा डोकावून गेले. सोहोनी प्रत्येक आकड्याला नुसतं "हं" म्हणायचा, पण त्यानं जेवणाचा डबा उघडला, म्हणजे त्याला बरं वाटत होतं.

चार वाजले. आकडा ब्याण्णव.

रोहिणी दारात आली आणि तिथेच थांबली. तिला मान दिसली, केस दिसले, उशीत रुतलेला गाल दिसला.

"असं का ठेवलंय त्यांना?"

"श्वासासाठी. बघ, आकडा वाढलाय."

"तोंड तरी बघू द्या की आक्का. एकदाच. दोन मिनिटं."

"रात्री दहाला सरळ करू. तेव्हा तुला हाक मारते."

"माझ्या मनात कसंतरीच येतंय हो. दोन मिनिटांनी काय होतंय?"

काय होतं ते सुलक्षणाला चांगलं ठाऊक होतं. चारशे बारा जणांना काय झालं ते ठाऊक होतं. रोहिणीनं वाकून खालून बघायचा प्रयत्न केला. नळ्या आणि चिकटपट्ट्या यांच्यामधून एक मिटलेली पापणी तेवढी दिसली असेल.

"नाही," सुलक्षणा म्हणाली. "आज नाही."

रोहिणी बाहेर जाऊन बाकावर बसली. पावणेचारला कुणी हाक दिली नव्हती. एकवीस वर्षांत भिलारे सिस्टरनं फक्त दोन नातेवाइकांना तोंड दाखवायला नकार दिला. एक मुळीकबाई, आणि दुसरी ही.

सात वाजून पाच मिनिटांनी, दिवेलागणीला, व्हेंटिलेटरची घंटा वाजली. ताठरलेलं फुप्फुस हवेच्या दाबानं एका जागी फाटलं होतं. त्यांनी त्याला मिनिटाच्या आत सरळ केलं, सोहोनीनं छातीत दुसरी नळी घातली, सुलक्षणानं भावाची छाती स्वतः दाबली, मोडक्या बरगड्या हाताखाली करकरत असताना दाबली. आठ वाजता सोहोनीनं तिचा हात धरून थांबवला.

"पहिल्या दिवशी मऊ होतं ते," तो म्हणाला. त्याला ते म्हणायचं नव्हतं बहुधा, पण तोंडून गेलं. "सोमवारी उलटलं असतं तर बहुतेक वाचला असता."

बैल गेला नि झोपा केला, तो हा असा.

तक्ता तिनंच पूर्ण केला. दुसरी नर्स म्हणाली, द्या मी लिहिते, पण तिनं दिला नाही. लाल शाईनं, डावीकडच्या रकान्यात: पालथा, सकाळी सहा ते संध्याकाळी सात पाच, तेरा तास पाच मिनिटं, सलग. मुळीकबाईंच्या मुलानंतर, ज्याला भेटायला कुणी आलं अशा पालथ्या रोग्याची ही तिची पहिली खरी नोंद.

सोहोनीनं दुसऱ्याच दिवशी पलंगाच्या समितीला सविस्तर कळवलं. सुलक्षणानं आपला जबाब आपल्या हातानं लिहून जोडला, तोही तितक्याच सुवाच्य अक्षरात. उत्तर नवव्या दिवशी आलं. सोहोनीनं तिला खोलीत बोलावून वाचून दाखवलं.

रुग्णालयाच्या चारशे बारा नोंदी परस्परांशी पूर्ण जुळतात, त्यांत कुठेही विसंगती नाही. भावाच्या मृत्यूच्या धक्क्यात असलेल्या परिचारिकेच्या आठवणीवर आणि एका सेवकाच्या सांगण्यावर त्या रद्द करता येणार नाहीत. ज्यांना भेटायला कुणी येत नव्हतं असे रोगी एकोणीसच भरतात, एवढ्यांवरून निष्कर्ष काढता येत नाही. उलट, ज्या एकाच रोग्याची पालथं ठेवल्याची वेळ निर्विवाद आहे, तो रोगी दगावला आहे, याकडे लक्ष वेधण्यात येते. संबंधित परिचारिकेच्या आजवरच्या सेवेबद्दल समितीला आदर आहे.

"तुमच्याच नोंदी तुमच्याविरुद्ध साक्ष देतायत," सोहोनी म्हणाला. "मी परत लिहितो. वर्तमानपत्रात देतो. पण वेळ लागेल सिस्टर, फार वेळ लागेल."

"तोवर?"

"तोवर माझं लेखी कारण चालणार नाही, नातेवाइकांची सही असली तरच उलटता येईल," म्हणत त्यानं पडद्याकडे बोट दाखवलं. सकाळी घाटातून एक बाई आली होती, टेम्पोखाली छाती चेपलेली. वय, मार, आकडे, सगळं जवळजवळ जयदीपसारखंच. कूसनं तिला सत्तावीस गुण दिले होते, जयदीपपेक्षा एक कमी. पलंग शिकत होता. जयदीपची नोंद त्याच्यापर्यंत पोचली होती.

चारला त्या बाईचा सासरा भेटायला आला. सून पाठीवर निजलेली, तोंड स्वच्छ पुसलेलं. "बरं हाय बाई," तो सुलक्षणाला म्हणाला, "तोंड तरी दिसतंय." तिनं त्याला सांगून बघितलं, उलटं निजवू देता का, सही करता का. म्हातारा दचकलाच. "न्हाई न्हाई," तो म्हणाला. "ल्योक येऊ दे, मग बघू." लेक सौदीला होता.

तेराव्याला जयदीपच्या घरी गोड जेवण झालं. माणसं पांगली. सुलक्षणा ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. रोहिणी हात पुसत येऊन शेजारी टेकली. तेरा दिवसांत ती नणंदेशी कामापुरतंच बोलली होती.

"आक्का, एक विचारू? पोपटमामा परवा सांगत होते, पूर्वी तुम्ही सगळ्यांच्या माणसांना चारला सरळ करायचात. तोंड बघायला मिळावं म्हणून."

"हो."

"मग माझ्याच वेळेला का नाही?"

"सरळ केला असता तर उघडलेला श्वास परत मिटला असता. सोळा तास पुरे करायचे होते मला. त्याच्या बाबतीत मोडायचं नव्हतं."

रोहिणीनं हात पुसायचं फडकं बाजूला ठेवलं. "मला फार राग आला होता तुमचा. तिथं स्मशानातसुद्धा. म्हटलं, लोकांच्या बायकांवर दया, आणि भावजयीवर नाही." तिनं डोळे टिपले. "पण काल विचार केला. लोकांचा माणूस होता तोवर तुम्ही रडण्याला भुललात. स्वतःचा भाऊ आला तेव्हा मन घट्ट केलंत. त्यांना वाचवायचंच होतं तुम्हाला. दुसरी कुणी इतकं केलं नसतं. माझ्या मनात आता काही नाही आक्का. तुम्हीही काही ठेवू नका."

आणि तिनं सुलक्षणाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

सुलक्षणाच्या मनात वाक्य तयार होतं. मला सोमवारीच माहीत होतं. चार शब्द. डॉक्टरांसमोर बोललेले, समितीला लिहून दिलेले. इथे फक्त उच्चारायचे होते. भावजयीनं तिला माफ केलं होतं ते तिच्या हातून घडलेल्या एकाच बरोबर गोष्टीबद्दल. जे चुकलं ते रोहिणीला ठाऊकही नव्हतं. तिनं तोंड उघडलं.

"काय आक्का?"

"काही नाही," सुलक्षणा म्हणाली. "पाणी दे जरा."

रोहिणी उठून आत गेली. समोरच्या भिंतीवर जयदीपचा फोटो होता, हार घातलेला, हसरा. तोंड अगदी स्पष्ट दिसत होतं. पाणी आलं. सुलक्षणानं तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.